विरोधी बाकावरची अडतीस वर्षे

राजकारण्याची कारकीर्द मोजायची आपली फूटपट्टी ठरलेली असते. किती वेळा मंत्री झाला, कोणते खाते मिळाले, पक्षाला सत्तेपर्यंत नेले की नाही, एवढे विचारले की निकाल लागतो. कॅनडाच्या संसदेत सुमारे अडतीस वर्षे काढलेल्या स्टॅन्ली नोल्स यांना ही फूटपट्टी लावली तर उत्तर सरळ शून्य येते. नोल्स कधीच मंत्री झाले नाहीत. पक्षाचे नेतेपद त्यांच्याकडे आले नाही. त्यांचा पक्ष त्यांच्या हयातीत ओटावात सत्तेवर आला नाही, आणि नंतरही आलेला नाही. तरीही १९८४ साली ते निवृत्त व्हायला निघाले तेव्हा लिबरल पंतप्रधान पिएर ट्रुडो यांनी सभागृहाच्या मधोमध असलेल्या सचिवांच्या टेबलापाशी त्यांना तहहयात खुर्ची देण्याचा ठराव मांडला आणि सर्व पक्षांनी तो उचलून धरला. याच लिबरल सरकारांशी नोल्स यांनी उभा जन्म वाद घातला होता. या मानाचा अर्थ साधारणपणे ‘एका सज्जनाचा गौरव’ असा लावला जातो. मला तो अपुरा वाटतो. सज्जन खासदार पुष्कळ होऊन गेले आणि विसरलेही गेले. नोल्स यांच्याकडे आज पुन्हा पाहायचे ते वेगळ्या कारणासाठी. सत्तेबाहेरचा माणूस देशाच्या कायद्यात किती खोलवर हात घालू शकतो आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, याचा त्यांच्या कारकिर्दीइतका स्वच्छ दाखला सहसा मिळत नाही.

त्यांची गोष्ट त्यांच्या आधीपासून सुरू होते. विनिपेग हे कॅनडाच्या मध्यावरचे रेल्वेचे शहर. त्याच्या उत्तर भागात रेल्वे यार्डातले कामगार आणि पूर्व युरोपातून आलेली कुटुंबे दाटीवाटीने राहत. १९१९ साली इथे मोठा सार्वत्रिक संप झाला, आणि त्या संपात अटक झालेले जे. एस. वुड्सवर्थ हे माजी धर्मोपदेशक १९२१ मध्ये याच शहरातून खासदार म्हणून निवडून गेले. १९२५ च्या निवडणुकीत कोणालाही बहुमत मिळाले नाही. पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांचे सरकार एकेका मतासाठी अगतिक झाले होते, आणि मजूर गटाचे म्हणून अवघे दोन खासदार सभागृहात होते: वुड्सवर्थ आणि ए. ए. हीप्स. या दोघांनी किंग आणि विरोधी नेते आर्थर मिएन या दोघांनाही पत्र धाडून विचारले की बेकारांसाठी आणि वृद्धांसाठी तुम्ही काय करणार? किंग यांच्याकडून त्यांनी वृद्धांच्या पेन्शनचे आश्वासन लेखी घेतले. विधेयक कनिष्ठ सभागृहात मंजूर झाले, सिनेटने ते फेटाळले, त्यावर निवडणूक झाली आणि १९२७ मध्ये अखेर कायदा आला. कायदा तसा कंजूषच होता. वयाची सत्तरी ओलांडलेल्याला महिन्याला जास्तीत जास्त २० डॉलर, तेही पेन्शन धरून वर्षाचे एकूण उत्पन्न ३६५ डॉलरच्या आत असेल तरच. आदिवासी ‘इंडियन’ समाजाला त्यातून सरळ वगळले होते. पण दोन माणसांना एका सरकारकडून देशव्यापी कायदा काढून घेता येतो, हे विनिपेगने एकदा पाहिले. पुढे १९४२ मध्ये वुड्सवर्थ वारले आणि त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या जागी नोल्स आले. तोवर वुड्सवर्थ यांच्या नेतृत्वाखाली को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन, म्हणजे सीसीएफ, हा समाजवादी पक्ष उभा राहिला होता.

नोल्स जन्मले १९०८ मध्ये लॉस एंजेलिसला, कॅनडातून तिकडे गेलेल्या आईवडिलांच्या पोटी. आई क्षयाने लवकर गेली. वडील यंत्रकामगार, महामंदीत त्यांना कामावरून काढले, पेन्शन म्हणून हातात काही पडले नाही, आणि ते फार काळ जगलेही नाहीत. नोल्स स्वतः छापखान्यात खिळे जुळवणारे कारागीर, मग युनायटेड चर्चचे धर्मोपदेशक, मग विनिपेगचे नगरसेवक. खासदारकीच्या चौथ्याच वर्षी त्यांना मल्टिपल स्क्लेरॉसिस झाल्याचे निदान झाले आणि पुढची सगळी कारकीर्द त्यांनी त्या आजारासह काढली. वडिलांच्या पेन्शनची कथा त्यांचे चरित्रकार हटकून सांगतात, आणि ती खरीही आहे. पण दुःख पाहिलेला प्रत्येक माणूस कायदा घडवत नाही. नोल्स यांचे वेगळेपण त्यांनी जखमेनंतर हाती घेतलेल्या साधनात आहे. ते साधन म्हणजे सभागृहाची नियमावली.

इथे एक तांत्रिक अडचण समजून घेतली पाहिजे, कारण सगळी कारकीर्द तिच्याभोवती फिरते. कॅनडाच्या संसदेत सरकारी तिजोरीतून खर्च करायला लावणारे विधेयक साध्या खासदाराला मंजूर करून घेता येत नाही. त्याला गव्हर्नर जनरलची शिफारस लागते, आणि ती फक्त मंत्र्याच्या हातून येते. आपल्याकडेही घटनेच्या ११७ व्या कलमात राष्ट्रपतींच्या शिफारशीची तशीच अट आहे. म्हणजे पेन्शन वाढवावी असे विधेयक नोल्स यांना जन्मात मांडता आले नसते. मग ते काय करत? ‘अमुक कायदा आणण्याच्या इष्टतेचा सरकारने विचार करावा’ अशा भाषेतला ठराव देत. ऐकायला किती मिळमिळीत! पण त्यामुळे तो नियमात बसे, त्यावर चर्चा होई, मंत्र्याला उभे राहून काहीतरी बोलावे लागे, आणि ते बोललेले कार्यवृत्तात छापले जाई. पुढच्या अधिवेशनात नोल्स तेच वाक्य काढून विचारत, मागच्या वेळी आपण विचार करतो म्हणाला होतात, त्या विचाराचे काय झाले? असे एकदोन वर्षे नव्हे, दशकानुदशके चालले. म्हाताऱ्यांची पेन्शन, माजी सैनिकांच्या विधवा, निवृत्त रेल्वे कामगार, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले कारकून: विषय मोजकेच, पण त्यातला एकही सुटत नसे. आपल्याकडे नियमपुस्तकाचा असा शस्त्रासारखा वापर करणारे म्हणून मधु लिमये आठवतात. अशा माणसांची सभागृहात थोडी चेष्टाही होत असते. ‘हरकतीचा मुद्दा’ म्हणून कोणी उभा राहिला की बाकीचे सुस्कारे टाकतात. मात्र ज्याच्याकडे संख्या असते त्याला नियमांची गरज पडत नाही. ती पडते बाकीच्यांना.

आता या चिकाटीचे फळ पाहू. १९५० मध्ये वृद्धांच्या पेन्शनवर दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमली गेली, तीत नोल्स होते. १९५२ च्या जानेवारीपासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्नाची चौकशी न करता, महिन्याला ४० डॉलर मिळू लागले. पंतप्रधान पिअर्सन यांच्या अल्पमतातल्या सरकारांच्या काळात, १९६३ ते १९६८ मध्ये, पगारातून कापली जाणारी कॅनडा पेन्शन योजना आली, पात्रतेचे वय पायरीपायरीने पासष्टवर आणायचे ठरले, आणि १९६७ पासून गरीब वृद्धांसाठी वेगळे पूरक अनुदान सुरू झाले. १९७२ च्या निवडणुकीत लिबरल १०९, कंझर्व्हेटिव्ह १०७ असा निकाल लागला. सीसीएफचा वारसा चालवणाऱ्या न्यू डेमोक्रॅटिक पार्टीला, एनडीपीला, ३१ जागा मिळाल्या आणि ट्रुडो यांचे सरकार तिच्या पाठिंब्यावर जगू लागले. १९७३ मध्ये मूळ पेन्शन १०० डॉलरवर गेली आणि ती महागाईनुसार दर तीन महिन्यांनी वाढू लागली. ही शेवटची गोष्ट कागदावर किरकोळ दिसते, पण मला ती सगळ्यांत मोठी वाटते. महागाईशी न जोडलेली पेन्शन म्हणजे दरवर्षी गुपचूप होणारी कपात. त्यासाठी कोणाला कायदा करावा लागत नाही, कोणाला मतदान करावे लागत नाही, नुसते स्वस्थ बसले की पुरते. आपल्याकडे कर्मचारी पेन्शन योजनेतली किमान रक्कम २०१४ मध्ये हजार रुपये ठरली आणि पुढची दहा वर्षे ती हजारच राहिली. त्या हजारात तेव्हा काय येत होते आणि दहा वर्षांनी काय येत होते, हे ती योजना घेणाऱ्या घरांना सांगावे लागत नाही. रक्कम महागाईला बांधली की गरज पडते उलट्या दिशेला: कपात करायची असेल तर सरकारला उघडपणे पुढे यावे लागते.

यावर सरळ आक्षेप असा की हे सगळे कायदे लिबरलांनी केले. नोल्स यांचे नाव त्यांना उगाच चिकटवले जाते. या आक्षेपात तथ्य आहे, आणि नोल्स यांचे चाहते ते टाळतात. १९५२ ची पेन्शन लुई सां लोरां यांच्या भक्कम बहुमताच्या सरकारने आणली. त्या सरकारला सीसीएफच्या मतांची काडीइतकी गरज नव्हती. पेन्शन पूर्णपणे महागाईला जोडण्याचा निर्णयही १९७२ च्या निवडणुकीच्या आधी, बहुमतातल्या ट्रुडो सरकारने घेतला. अल्पमताच्या काळात आले ते तिमाही गणित आणि वाढीव रक्कम. तेव्हा ‘नोल्स यांनी पेन्शन दिली’ हे विधान इतिहास म्हणून टिकत नाही. पण आक्षेप घेणारे याच्या पुढे जातात आणि म्हणतात की लिबरलांनी हे केव्हातरी केलेच असते. तिथे मी थांबतो. लिबरल पक्षाने वृद्धांच्या पेन्शनचे वचन १९१९ च्या अधिवेशनातच दिले होते. ते कपाटात राहिले, १९२६ मध्ये दोन मतांची निकड भासेपर्यंत. १९४३ च्या सप्टेंबरात एका जनमत चाचणीत सीसीएफ दोन्ही जुन्या पक्षांच्या किंचित पुढे गेली, आणि मग १९४४ मध्ये किंग यांनी मुलांसाठी कुटुंब भत्त्याचा कायदा केला. १९७१ मध्ये, पूर्ण बहुमत हाती असताना, याच ट्रुडो सरकारने मूळ पेन्शन ८० डॉलरवर गोठवली होती. निवडणुकीचे वर्ष उजाडले तेव्हा ती पुन्हा सोडवली. ‘केव्हातरी’ हा शब्द सरकारी भाषणात सोयीचा असतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाकडे ‘केव्हातरी’ नसते. सरकारे पेन्शनकडे वळली ती एकतर मते कमी पडली तेव्हा, नाहीतर ती कमी पडतील अशी धास्ती वाटली तेव्हा. त्या घडीला मागणी तयार लागते: आकडा ठरलेला, मसुदा घासूनपुसून झालेला, मंत्र्यांची जुनी वाक्ये कार्यवृत्तात नोंदलेली. ही तयारी सत्तेच्या बाहेर राहून कोणीतरी वर्षानुवर्षे करावी लागते. श्रेयाचा नोल्स यांचा वाटा एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

दुसरा आक्षेप कामकाज रोखण्याचा. नियमांवर बोट ठेवणारा खासदार लोकशाहीची सेवा करतो की नुसता खोळंबा करतो? याचे उत्तर १९५६ च्या पाइपलाइन प्रकरणात शोधावे. अल्बर्टाचा नैसर्गिक वायू पूर्वेकडे नेणाऱ्या ट्रान्स-कॅनडा पाइपलाइनच्या पश्चिमेकडील टप्प्यासाठी कंपनीला सुमारे ८ कोटी डॉलरचे कर्ज द्यायचे होते, आणि ते ७ जूनच्या आत. खात्याचे मंत्री सी. डी. हाउ, कामाचा उरक दांडगा, वादविवादाचा मनस्वी कंटाळा. त्यांनी ठराव मांडताना, म्हणजे चर्चेला तोंड फुटण्याच्याही आधी, क्लोजर लावणार असल्याची सूचना दिली आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तेच केले. क्लोजर हा १९१३ पासूनचा नियम, चर्चा ताणली गेली तर ती बंद करण्यासाठी ठेवलेला. इथे चर्चाच होऊ नये म्हणून तो वापरला गेला. विरोधकांकडे संख्या नव्हती. नोल्स आणि कंझर्व्हेटिव्ह पक्षाचे डेव्ही फुल्टन यांच्याकडे नियमपुस्तक होते. गुरुवारी, ३१ मे रोजी, सभापती रेने बोदुआं यांनी सीसीएफच्या एका खासदाराचा हक्कभंगाचा मुद्दा चर्चेला घेतला. त्याने सरकारचे वेळापत्रक कोलमडले असते. रात्र गेली आणि शुक्रवारी सकाळी सभापतींनी उभे राहून सांगितले की कालचा माझा निर्णय चुकला, सभागृहाने आदल्या संध्याकाळी सव्वापाच वाजता होते त्या स्थितीला परत जावे. म्हणजे झालेला कामकाजाचा तुकडा जणू झालाच नाही. सदस्य बाके सोडून सभापतींच्या आसनाकडे धावले. सीसीएफचे नेते एम. जे. कोल्डवेल हे सौम्यपणाबद्दल ख्यात. ते मूठ उगारून आसनासमोर उभे राहिले. कॅनडाच्या संसदीय इतिहासात हा दिवस ‘काळा शुक्रवार’ म्हणून नोंदला गेला.

विधेयक मुदतीत मंजूर झाले, पाइपलाइनही झाली, आणि ती देशाच्या उपयोगी पडली. तेव्हा नोल्स यांनी काय मिळवले, असे विचारता येईल. त्यांनी पाइपलाइन अडवली नाही. अडवायचीही नव्हती, त्यांच्या पक्षाला ती सार्वजनिक मालकीची हवी होती. त्यांनी उघडे पाडले ते बहुमताचा गैरवापर कसा दिसतो ते. पुढच्याच वर्षी बावीस वर्षे सत्तेत असलेला लिबरल पक्ष हरला आणि खुद्द हाउ यांनाही आपली जागा राखता आली नाही. पराभवाला इतर कारणेही होती, पण पाइपलाइनचा उद्दामपणा मतदारांच्या ध्यानात होता हे कोणी नाकारत नाही. खोळंबा आणि हरकत यांतला फरक मला इथे दिसतो. खोळंबा करणारा काम बंद पाडून निघून जातो. हरकत घेणारा सभागृहात बसून राहतो, नियम दाखवतो, आणि नियम मोडायचाच असेल तर तो सर्वांदेखत मोडायला लावतो. नवे पंतप्रधान डिफेनबेकर यांनी नोल्स यांना सभापतिपद देऊ केले. नियमांचा एवढा जाणकार दुसरा नव्हता, आणि मान, पगार, निवास सगळे आपसूक आले असते. नोल्स यांनी नकार दिला. आसनावर बसलेल्याला पेन्शनचा प्रश्न विचारता येत नाही. वर्षभरात, १९५८ च्या मार्चमध्ये, डिफेनबेकर यांच्या २६५ पैकी २०८ जागांच्या लाटेत नोल्स स्वतःच वाहून गेले. त्यांचा पक्ष आठ जागांवर आला. चार वर्षे त्यांनी कॅनेडियन लेबर काँग्रेसमध्ये काढली, कामगार संघटना आणि सीसीएफ यांना एकत्र आणून १९६१ मध्ये एनडीपी उभारण्यात मोठा वाटा उचलला, आणि १९६२ मध्ये त्याच मतदारसंघातून परत आले. त्यानंतर १९८४ पर्यंत ते हरले नाहीत.

तिसरा आक्षेप डावीकडून येतो आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. सीसीएफच्या १९३३ च्या रेजायना जाहीरनाम्यात भांडवलशाही मुळासकट उखडण्याची भाषा होती. त्या पक्षाच्या माणसाने आयुष्यभर कशासाठी झगडावे, तर पेन्शनमध्ये पाच-दहा डॉलर वाढावेत म्हणून? हे सुधारणेचे राजकारण की व्यवस्थेला ठिगळे लावण्याचे? खरे तर नोल्स यांची पद्धत मोठ्या रचनेपुढे हतबल ठरली, याचा पुरावा त्यांच्याच कारकिर्दीत आहे. लोकांनी न निवडलेले सिनेट बरखास्त करावे, ही मागणीही त्यांनी पेन्शनइतक्याच चिकाटीने लावून धरली. सिनेट आजही जागच्या जागी आहे. तिथे ना अल्पमताचे सरकार कामाला आले, ना नियमपुस्तक, कारण राज्यघटना बदलण्याची किल्ली सभागृहाबाहेर प्रांतांच्या हातात होती. सभागृहात रोज घासून जे मिळवता येते तेवढेच या पद्धतीने मिळते. त्यापलीकडचे मिळत नाही. ही मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट उरते. ज्यांनी मोठ्या बदलाखेरीज काही नको म्हटले, त्यांच्या खात्यावर त्या पन्नास वर्षांत ओटावाच्या कायदेपुस्तकात काय जमा आहे? एनडीपीतच १९६९ मध्ये ‘वॉफल’ नावाचा जहाल गट उठला, तीन वर्षे गाजला आणि पक्षाबाहेर पडून विरून गेला. त्याची पत्रके वाचायला आजही रंजक आहेत.

किमतीचा प्रश्न मात्र अशा उत्तराने मिटत नाही. १९७२ ते १९७४ या काळात एनडीपीने सरकारकडून पेन्शन वाढवून घेतली, निवडणूक खर्चाचा कायदा करून घेतला, परकी गुंतवणुकीवर नजर ठेवणारी यंत्रणा उभी करून घेतली. १९७४ च्या मेमध्ये तिने सरकार पाडले. जुलैच्या निवडणुकीत ट्रुडो पूर्ण बहुमताने परतले, एनडीपी ३१ वरून १६ वर घसरली आणि पक्षाचे नेते डेव्हिड लुइस आपल्याच मतदारसंघात हरले. पन्नास वर्षांनी हीच कथा पात्रे बदलून पुन्हा घडली. जगमीत सिंग यांच्या एनडीपीने २०२२ च्या मार्चमध्ये जस्टिन ट्रुडो यांच्या अल्पमतातल्या सरकारशी लेखी करार केला, त्यातून सार्वजनिक दंतचिकित्सा योजना आणि औषधांच्या खर्चाचा कायदा मिळवला, २०२४ च्या सप्टेंबरात करार मोडला, आणि २०२५ च्या एप्रिलमधल्या निवडणुकीत पक्ष ३४३ पैकी ७ जागांवर आला. सिंग स्वतःच्या मतदारसंघात तिसरे राहिले. दात तपासून घेणाऱ्या म्हाताऱ्याने मत दुसऱ्याला दिले, यात त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. मत हे पावतीसारखे द्यायचे नसते. पण हा सौदा पक्षाला महागात पडतो, नेत्याला तर फारच महागात पडतो, आणि कॅनडात तो दोनदा जवळजवळ सारख्याच रीतीने पडला आहे. विनिपेग नॉर्थ सेंटर या मतदारसंघाने मात्र १९७४ मध्येही नोल्स यांनाच पाठवले. सत्तेचा मोह नसणे हा गुण खरा, पण मतदारसंघ पुन्हा पाठीशी उभा राहिला नसता तर तो गुण १९५८ च्या पराभवातच निकालात निघाला असता. त्यांच्या कारकिर्दीचे अर्धे श्रेय त्या यार्डाभोवतीच्या मतदारांचे आहे, ज्यांनी तेरा वेळा मंत्री न होणारा माणूस निवडून दिला. ज्या पक्षाकडे असे मतदारसंघ नाहीत त्याने अल्पमतातल्या सरकारला टेकू देताना हे गणित आधी मांडावे. सिंग यांनी ते मांडले होते असे निकालावरून तरी दिसत नाही.

तरी मग असा सौदा करू नये का? माझे मत करावे असेच आहे, आणि त्याचा पुरावा नोल्स निवृत्त झाल्यानंतरच्या वर्षाने दिला. १९८४ मध्ये ब्रायन मलरोनी २८२ पैकी २११ जागा घेऊन सत्तेवर आले. कॅनडाने एवढे मोठे बहुमत क्वचितच दिले आहे. १९८५ च्या मेमधल्या अर्थसंकल्पात त्यांच्या सरकारने प्रस्ताव मांडला की वृद्धांची पेन्शन सगळ्या महागाईनुसार वाढणार नाही. महागाईतले पहिले ३ टक्के सोडून त्यावरच्या भागापुरतीच वाढेल. नोल्स तेव्हा सचिवांच्या टेबलापाशी बसत. तिथून बोलता येत नाही, मत देता येत नाही. त्यांची गरजही लागली नाही. संसदेच्या आवारात एका वृद्ध महिलेने पंतप्रधानांना कॅमेऱ्यांसमोर गाठून ‘तुम्ही आम्हाला फसवलेत’ असे तोंडावर सुनावले, देशभरातल्या म्हाताऱ्यांनी काहूर उठवले, आणि काही आठवड्यांतच २११ जागांच्या सरकारने प्रस्ताव मागे घेतला. २०१२ मध्ये स्टीफन हार्पर यांनी बहुमताच्या बळावर पात्रतेचे वय ६५ वरून ६७ करण्याचा कायदा केला. तो २०२३ पासून लागू व्हायचा होता. २०१६ मध्ये पुढच्या सरकारने तो रद्द केला. हक्क म्हणून लोकांच्या हाती पडलेली गोष्ट सत्तेच्या आकड्यांनी परत घेता येत नाही. मंत्र्यांच्या बहुतेक निर्णयांना पुढच्या मंत्र्यापर्यंत आयुष्य असते. पेन्शनचा हा एक निर्णय मलरोनींपासून हार्परपर्यंत सर्वांना पुरून उरला.

टोरांटो, मिसिसॉगाकडे मुलांपाशी जाऊन राहिलेल्या मराठी आईवडिलांनाही हीच पेन्शन लागू होते. अठराव्या वर्षानंतर किमान दहा वर्षे कॅनडात वास्तव्य झाले असेल तर वयाच्या पासष्टीपासून ती मागता येते. दहा वर्षे म्हणजे पूर्ण रकमेचा चौथा हिस्सा, चाळीस वर्षे म्हणजे पूर्ण रक्कम. १ ऑगस्ट २०१५ पासून लागू झालेल्या भारत-कॅनडा सामाजिक सुरक्षा करारामुळे काहींना भारतातल्या योजनांतला काळही पात्रतेसाठी धरता येतो. रक्कम दर जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये महागाईनुसार ठरते. भाव वाढले तर ती वाढते. भाव उतरले तरी ती कमी होत नाही.